‘हे तर कुणालाही सुचलं असतं’ : ड्रिलच्या गिअरबॉक्सचं पेटंट आणि अपील

या वेळचे प्रश्न पॉवर टूलच्या गिअरबॉक्सभोवती फिरणारे आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे. शोध नवा आहे हे पेटंट कार्यालय मान्य करतं, पण तो ‘उघड’ आहे, म्हणजे त्या कामातल्या जाणकाराला सहज सुचला असता, असं म्हणून अर्ज नाकारतं.

प्रश्न : आम्ही कॉर्डलेस ड्रिलसाठी दोन वेगांचा गिअरबॉक्स बनवला. वरच्या वेगात भार आला की सरकती रिंग निसटते आणि कर्रकर्र वाजते. म्हणून रिंगला डॉग, म्हणजे खाचेत अडकणारे ठोकळ्यासारखे दात, देऊन त्यांच्या बाजूंना ३ अंशांचा बॅक टेपर, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणारा उतार, दिला. मुंबई कार्यालयाने पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) खाली, म्हणजे शोध उघड आहे म्हणून, अर्ज नाकारला. परीक्षकाने दाखवलेल्या आधीच्या दोन कागदांपैकी डी-१ मध्ये सरकत्या रिंगचा ड्रिल आहे. डी-२ मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचा आहे आणि त्यातल्या डॉगना बॅक टेपर आहे. दोन्ही जोडले की तुमचाच शोध होतो, असं आदेशात म्हटलं आहे. अपील करावं का? — एक वाचक, भोसरी

उत्तर : अपील जरूर करता येईल. पण क्लेम १, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला ते सांगणारा अर्जातला पहिला मुद्दा, आज जसा लिहिला आहे तसा टिकणार नाही. का, ते दात्यांपर्यंत जाऊनच पाहावं लागेल.

डी-१ सारख्या ड्रिलमध्ये प्लॅनेटरी गिअरचे तीन टप्पे असतात. प्रत्येकात मधला गिअर म्हणजे सन, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट, बाहेरची आतून दाते असलेली रिंग आणि प्लॅनेटना धरणारा कॅरिअर असतो. समजा प्रत्येक टप्प्यात सन १२ दात्यांचा, प्लॅनेट १२ दात्यांचे आणि रिंग ३६ दात्यांची आहे. रिंग स्थिर, सन इनपुट आणि कॅरिअर आउटपुट असेल तर गुणोत्तर १ अधिक ३६ भागिले १२, म्हणजे ४. तीन टप्पे मिळून ६४. मोटर मिनिटाला २४,००० फेऱ्यांची असेल तर चकवर ३७५ मिळतात. दुसऱ्या टप्प्याची रिंग मागे सरकवून पहिल्या कॅरिअरच्या कडेवरच्या दात्यांत बसवली की रिंग आणि सन एकत्र फिरू लागतात, तो टप्पा एकसंध फिरतो आणि गुणोत्तर १६ उरतं. चकवर १५०० फेऱ्या. दोन वेगांच्या बहुतेक ड्रिलचा गाभा हाच.

आता नीट पाहा. डी-१ मध्ये रिंगचे आतले दाते दोन कामं करतात. ते प्लॅनेटमध्येही गुंततात आणि कॅरिअरच्या कडेतही. वरच्या वेगात रिंगचं मागचं टोक कॅरिअरवर असतं. खालच्या वेगासाठी रिंग ४ मिमी पुढे सरकली की तेच टोक प्लॅनेटवर येतं. त्या टोकाला बॅक टेपर दिला तर खालच्या वेगात प्लॅनेट त्या फुगीर दात्यांत अडकतील. शिवाय ०.८ मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) दात्याची जाडी पिच वर्तुळावर १.२६ मिमीच असते. ३ मिमी लांबीवर दोन्ही बाजूंना ३ अंश दिले की टोक आणि मूळ यांच्या रुंदीत ०.३१ मिमीचा फरक पडतो, म्हणजे दात्याचा पाव भाग गेला. म्हणून डी-२ चा उतार डी-१ च्या दात्यांवर जसाच्या तसा चढत नाही. चढवला तर डी-१ चा ड्रिल खालच्या वेगात चालणारच नाही. ‘दोन्ही एकत्र केले की झालं’ या वाक्याला खरं उत्तर हे आहे. मोटरसायकल आणि ड्रिल ही क्षेत्रं वेगळी आहेत, हे उत्तर नव्हे. त्या मुद्द्यावर पानं खर्चू नका. गिअर निसटणं हा दोघांचा सारखाच त्रास आहे आणि गिअरबॉक्सचा डिझायनर वाहनांकडे पाहणारच, असं कोणीही म्हणेल.

पण समोरचा पक्ष, म्हणजे पेटंट कार्यालय, इथे थांबणार नाही. मोटरसायकलच्या गिअरला दात्यांपासून वेगळे, बाजूच्या सपाट पृष्ठभागावरचे डॉग असतात. मग डी-१ च्या रिंगला तसे वेगळे डॉग दिले की दात्यांचा प्रश्नच मिटला, असं उत्तर येईल आणि ते वजनदार आहे. तुमच्या क्लेम १ मध्ये फक्त ‘गुंतणाऱ्या पृष्ठभागांना बॅक टेपर असलेली सरकती रिंग’ एवढंच आहे. या उत्तरासमोर तो क्लेम पडतो.

अर्ज वाचवण्याची जागा तुमच्या आकृती ४ मध्ये आणि क्लेम ५ मध्ये आहे. तिथे सहा डॉग पहिल्या कॅरिअरच्या ३ मिमी जाडीच्या प्लेटीच्या कडेवर कोरलेल्या खाचांत बसतात, दर दोन प्लॅनेट पिनांमध्ये दोन खाचा. वेगळी प्लेट लागत नाही आणि गिअरबॉक्सची लांबी वाढत नाही. डी-२ पद्धतीने जायचं तर समोर खिडक्या असलेला आणखी एक भाग हवा, म्हणजे ड्रिलचं डोकं तेवढं लांबणार. हातात धरायच्या ड्रिलमध्ये डोक्याच्या लांबीसाठी डिझायनर मिलिमीटर मिलिमीटर झगडतो. डी-२ मध्ये या अडचणीचा उल्लेखही नाही. इथे तुमच्याकडे सांगण्याजोगं काही आहे.

दोन ठिकाणी जपून राहा. तुमच्या वर्णनात ‘टेपरमुळे रिंग आत ओढली जाते’ असं लिहिलं आहे. ३ अंशांचा टॅन ०.०५२ येतो. तेल लागलेल्या स्टीलवर घर्षणांक ०.१ धरला तर घर्षणाचा कोन ५.७ अंश होतो. म्हणजे नुसत्या टॉर्कने रिंग ओढली जाणार नाही. फार तर ती निसटणार नाही आणि कंपनाने हळूहळू आत सरकेल. कोर्टात समोरच्या बाजूचा इंजिनिअर हे गणित पाच मिनिटांत मांडेल. म्हणून युक्तिवादात ‘निसटू देत नाही’ एवढंच म्हणा. दुसरी गोष्ट मोकळीक. डॉगचं रुंद टोक खाचेच्या तोंडातून जायला हवं, म्हणून आत बसल्यावर मुळाशी किमान ०.३१ मिमी फट राहते. १४ मिमी त्रिज्येवर ती सव्वा अंश होते. चकपर्यंत पोचताना ती सुमारे पाव अंशावर येते, पण दिशा उलटवताना ‘टक्’ असा आवाज येईलच. हे लपवण्यासारखं नाही आणि तुमच्या विरोधातही नाही.

आणखी एक मुद्दा अनेक जण उत्साहाने मांडतात : सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून आणि भाजून बनवलेल्या, रिंगमध्ये बॅक टेपर डायमधून सरळ निघत नाही, दाबाच्या दिशेने अंडरकट होतो, मग दुसरं मशिनिंग करावं लागतं, म्हणून तो कोणाला सुचला नसता. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे, पण युक्तिवाद म्हणून पोकळ. महाग पडतं म्हणजे सुचत नाही असं होत नाही.

आदेश हातात आल्यापासूनचं काम असं : क्लेम १ मध्ये क्लेम ५ आणून तो अरुंद करण्याचा मसुदा तयार ठेवा. कलम ५९ प्रमाणे दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेतच बसला पाहिजे आणि मूळ वर्णनात त्याला आधार हवा. ‘लांबी वाढत नाही’ हे मूळ वर्णनात शब्दांत नसेल तर किमान आकृतीवरून दिसलं पाहिजे. अपिलात दुरुस्ती करायला कोर्टाची परवानगी लागते, ती मिळेलच असं गृहीत धरू नका. हे सगळं हिअरिंगच्या आधी झालं असतं तर खर्च निम्म्याहून कमी आला असता, पण बहुतेक जण क्लेम १ ला चिकटून बसतात.

प्रश्न : अपिलाची नेमकी पद्धत काय? मुदत, कोर्ट, कागद आणि नवा पुरावा याबद्दल सांगा. — एक वाचक, वाळूज

उत्तर : कंट्रोलरचा, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचा, नकार कलम १५ खाली येतो. त्यावर कलम ११७ए खाली उच्च न्यायालयात अपील करता येतं. मुदत आदेशाच्या तारखेपासून तीन महिने. कोर्ट पुढची मुदत देऊ शकतं, पण तिच्या भरवशावर राहू नका. पूर्वी ही अपिलं चेन्नईला मुख्यालय असलेल्या बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जात. ४ एप्रिल २०२१ च्या अध्यादेशाने ते मंडळ बंद झालं आणि कामं उच्च न्यायालयांकडे आली. मुंबईतल्या अँटॉप हिलच्या कार्यालयाकडे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे अर्ज येतात. तुमचा अर्ज तिथला असेल तर तुमचं अपील मुंबई उच्च न्यायालयात.

अपिलाच्या फाइलमध्ये आदेशाची प्रत, मूळ वर्णन आणि आकृत्या, क्लेमच्या सर्व आवृत्त्या, पहिला परीक्षण अहवाल म्हणजे एफईआर, त्याला दिलेलं उत्तर, हिअरिंगची नोटीस, हिअरिंगनंतरचं लेखी निवेदन आणि डी-१, डी-२ ही पूर्ण कागदपत्रं असली पाहिजेत. डी-२ जपानी किंवा जर्मन असेल तर भाषांतर स्वतः तपासून घ्या. परीक्षकाने मशीनने केलेलं भाषांतर वापरलेलं असतं आणि गिअरच्या शब्दांत ते अनेकदा घसरतं. ‘टेपर’ आणि ‘चॅम्फर’ यांची अदलाबदल झाली तरी सगळा युक्तिवाद फिरतो. चॅम्फर डॉगला आत शिरायला मदत करतो आणि बॅक टेपर बाहेर पडू देत नाही. दोघांची कामं उलटी.

अपिलात सर्वात चालणारा मुद्दा बहुधा तांत्रिक नसतो. तो असतो आदेशात कारणं नसल्याचा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनलच्या अपिलात स्पष्ट केलं की इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे शोध उघड नसणं, नाकारताना कंट्रोलरने तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत : आधीच्या कागदांत काय उघड झालं आहे, अर्जात काय आहे आणि पहिल्यावरून दुसरं जाणकाराला कसं सुचलं असतं. पहिल्या दोन गोष्टी लिहून तिसरी गाळलेले आदेश बरेच असतात. ‘डी-१ आणि डी-२ पाहता शोध उघड आहे’ हे कारण होत नाही, तो फक्त निष्कर्ष आहे. असा आदेश असेल तर कोर्ट बहुधा तो रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवतं. लगेच पेटंट मिळत नाही, पण दुसरी संधी मिळते, आणि क्लेम अरुंद करायची वेळही तीच.

नवा पुरावा, म्हणजे लोड टेस्टचे तक्ते किंवा तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र, अपिलाच्या टप्प्यावर आणायचा तर तो आधी का दिला नाही हा प्रश्न येणारच. हिअरिंगनंतर लेखी निवेदनासाठी १५ दिवस मिळतात. ते तक्ते तेव्हाच जायला हवे होते.

आदेशात ढळढळीत चूक असेल, उदाहरणार्थ क्लेमची जुनीच आवृत्ती वाचलेली असेल, तर कलम ७७ खाली कंट्रोलरकडेच फेरविचाराचा अर्ज करता येतो. तो एका महिन्याच्या आत, फॉर्म २४ वर. कंट्रोलरचं मत पटलं नाही एवढं कारण तिथे चालत नाही.

आणि डिव्हिजनल. दोन वेगळे शोध एका अर्जात असतील, म्हणजे डॉग आणि टॉर्क क्लच दोन्ही, तर दुसरा वेगळा काढायचा अर्ज मूळ अर्ज जिवंत असतानाच द्यावा लागतो. नकाराचा आदेश निघाला की ती वाट बंद. हिअरिंगला जायच्या आदल्या आठवड्यात एजंटला हा प्रश्न विचारा.

प्रश्न : आमच्या गिअरबॉक्समध्ये गुणोत्तर ४८ चं ५२ केलं आणि रिंग नायलॉनऐवजी सिंटर्ड स्टीलची केली. पेटंट मिळेल का? — एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : नाही. दात्यांची संख्या बदलून गुणोत्तर बदलणं हे गिअर डिझायनरचं रोजचं काम आहे. स्टील जास्त भार घेतं हे सगळ्यांनाच माहीत आहे. ५२ वर गेल्यामुळे अनपेक्षित असं काही घडत असेल, उदाहरणार्थ एखादा ठरावीक घोंगावणारा आवाज नाहीसा होतो आणि का होतो हे तुम्हाला दाखवता येतं, तरच पुढचा विचार. बाहेरच्या कवचाचा आकार नवा असेल तर डिझाइन नोंदणी वेगळी करा. ती फक्त दिसण्याला संरक्षण देते, आतल्या दात्यांना नाही.

प्रश्न : प्रत्येक नकाराच्या आदेशात ‘मिर्झापूरच्या भांड्यांचा’ निकाल का असतो? लेथच्या जुन्या खटल्याचा आणि ड्रिलचा संबंध काय? — एक वाचक, शिरोली, कोल्हापूर

उत्तर : कारण भारतात यांत्रिक शोध उघड आहे की नाही यावरचा तो पायाभूत निकाल आहे. तो लेथवरच्या कामाचा असल्यामुळे कारखान्यातल्या माणसाला इतर कुठल्याही निकालापेक्षा लवकर कळतो.

मिर्झापूरला पितळी भांडी लेथवर कापून चकचकीत केली जात. भांडं हेडस्टॉकवर, म्हणजे लेथच्या फिरवणाऱ्या टोकावर, पक्कं धरणं ही अडचण होती. वेगात फिरताना ते सुटून उडालं तर कारागीर जखमी होई आणि भांडंही खराब होई. १९५१ च्या पेटंटमध्ये टेलस्टॉकच्या, म्हणजे समोरच्या टोकाच्या, बाजूने स्पिंडलने दाब देऊन भांडं हेडस्टॉकवरच्या ॲडॅप्टरवर घट्ट दाबून धरण्याची रचना होती. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम आणि हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज यांच्यातला हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १३ डिसेंबर १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती सरकारिया यांनी पेटंट रद्द करण्याचा मूळ निकाल कायम केला आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय फिरवला.

का? टेलस्टॉकने काम दाबून धरणं लेथवर आधीपासून होतं. त्याचा भांड्यांसाठी वापर ही वर्कशॉपमधली सुधारणा, शोध नव्हे. माहीत असलेल्या गोष्टी एकत्र आणल्या तर त्या एकत्र येण्यात नुसत्या बेरजेपेक्षा जास्त काहीतरी हवं, असं न्यायालयाने म्हटलं. कसोटीही तिथेच आहे : आधीचा कागद एखाद्या कुशल कारागिराच्या किंवा इंजिनिअरच्या हाती दिला, त्याच्यापुढे तीच अडचण असली आणि पेटंटमधलं उत्तर त्याला माहीत नसलं, तर ‘मला हवं ते यातच आहे’ असं तो म्हणाला असता का?

या कसोटीतला ‘उत्तर माहीत नसलं’ हा भाग आदेश लिहिताना सहज विसरला जातो. तुमचा शोध वाचून झाल्यावर डी-१ आणि डी-२ शोधले की ते एकमेकांत बसतच जातात. २०१५ च्या रोश विरुद्ध सिप्ला निकालात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पाच पायऱ्या घालून दिल्या : जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा ठरवा, अर्जाच्या अग्रक्रमाच्या तारखेला त्या जाणकाराला काय माहीत होतं ते ठरवा, फरक लिहा आणि मग उलट्या दिशेने न पाहता ते फरक त्याला सुचले असते का ते विचारा. तुमच्या आदेशात तारखेचा उल्लेखच नसेल तर तो मुद्दा उचला.

मिर्झापूरच्या निकालाचा तुम्हालाही उपयोग होतो. तिथे दाब देणारा स्पिंडल लेथवर जे काम करायचा तेच काम भांड्यांवर करत राहिला. तुमच्या रचनेत भाग जुना पण काम नवं असेल, म्हणजे प्लॅनेट पिना धरणारी प्लेटच डॉगलाही धरत असेल, तर ‘तिथे तसं नव्हतं’ असं म्हणता येतं. कलम ३(एफ) वरही हेच उत्तर चालतं. ते कलम सुटेसुटे काम करणाऱ्या जुन्या भागांची नुसती मांडणी नाकारतं, एकमेकांवर अवलंबून असलेली रचना नाही.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये एका टूल कंपनीत आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात आमचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या गिअरचा अर्ज दोनदा नाकारला गेला. इथे अपील भारतापेक्षा कसं वेगळं? — एक वाचक, अमेरिका

उत्तर : दोनदा नकार मिळाला की कार्यालयाच्याच पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाकडे जाता येतं. नोटीस दिल्यावर दोन महिन्यांत अपील ब्रीफ म्हणजे लेखी युक्तिवाद, मग परीक्षकाचं उत्तर, त्यानंतर दोन महिन्यांत रिप्लाय ब्रीफ. तीन जणांचं पॅनेल निकाल देतं. ब्रीफमध्ये जो मुद्दा नाही तो सोडून दिला असं धरतात आणि रिप्लायमध्ये नवा मुद्दा सहसा घेत नाहीत. प्रतिज्ञापत्रं अपिलाच्या आधीच फाइलवर असली पाहिजेत.

कसोटी १९६६ च्या ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर निकालाची. तो खटला नांगराचा होता. दगडाला फाळ अडला की दांडा लवचीकपणे उचलावा म्हणून दांड्याची जागा बिजागरीच्या पट्टीच्या वरून खाली नेली होती. न्यायालयाने ते उघड ठरवलं आणि चौकट घालून दिली : आधीचं ज्ञान, फरक, त्या क्षेत्रातली सर्वसाधारण कुशलता, शिवाय बाजारातलं यश किंवा इतरांचं अपयश असे जोडपुरावे. २००७ च्या केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकालाने सरकत्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडणं उघड ठरवलं आणि सांगितलं की जाणकार म्हणजे यंत्र नव्हे, त्याच्याकडेही सर्वसाधारण कल्पकता असते. त्यामुळे ‘दोन्ही कागद जोडा असं कुठेच लिहिलेलं नाही’ या एकट्या मुद्द्यावर आता जिंकता येत नाही.

चालतं ते हे : जोडणीमुळे मूळ साधन त्याच्या कामाला निकामी होतं. १९८४ च्या ‘इन री गॉर्डन’ मध्ये रक्त गाळण्याच्या फिल्टरचा प्रश्न होता. आधीच्या कागदातला दुसरा फिल्टर उलटा केला की तो हाच होतो, असं परीक्षक म्हणाला. पण उलटा केला तर तो तुंबतो आणि कामच करत नाही. भोसरीच्या वाचकाचा प्लॅनेट अडकण्याचा मुद्दा अगदी हाच आहे. तुमच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये हॅमर व्ही-आकाराच्या खाचांत गोळ्यांवर मागे सरकतो आणि स्प्रिंग त्याला परत ॲन्व्हिलवर, म्हणजे बिट फिरवणाऱ्या भागावर, आपटवते. परीक्षक दुसऱ्या कागदातली कडक स्प्रिंग सुचवत असेल तर हॅमर ॲन्व्हिलच्या जबड्यातून सुटण्याइतका मागे येतो का, ते आकड्यांत दाखवा. येत नसेल तर तो इम्पॅक्ट ड्रायव्हर राहत नाही, साधा स्क्रूड्रायव्हर होतो.

बोर्डानेही नाकारलं तर ६३ दिवसांत फेडरल सर्किट या अपील कोर्टात जावं लागतं. तिथे तथ्यांबाबत बोर्डाला झुकतं माप मिळतं, पण उघड आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न कोर्ट नव्याने पाहतं. नवा पुरावा द्यायचाच असेल तर कलम १४५ खाली व्हर्जिनियाच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये दावा लावावा लागतो. तो महाग पडतो.

प्रश्न : आमचा ग्राइंडर दोन वर्षं भरपूर विकला गेला. इतर दोघांनी हुबेहूब नक्कल केली. हा शोधाचा पुरावा होत नाही का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : होतो, पण कमकुवत. विक्री नेमक्या त्या बेव्हल गिअरच्या रचनेमुळे झाली हे दाखवावं लागतं, किंमत, जाहिरात किंवा वितरकामुळे नव्हे. गिअर वेगळा आणि बाकी सगळं सारखं अशी तुमचीच जुनी आणि नवी मॉडेलं, वॉरंटीत परत आलेल्या गिअरहेडची नोंद आणि नक्कल करणाऱ्याचं उघडलेलं गिअरहेड, एवढं मिळालं तर जमेल. आपल्या कायद्याच्या व्याख्येत ‘आर्थिक महत्त्व’ हे शब्द आहेत, म्हणून बरेच जण त्यावरच विसंबतात. पण वाक्य पुढे वाचा : तांत्रिक प्रगती असो वा आर्थिक महत्त्व, शोध जाणकाराला उघड नसला पाहिजे ही अट त्या दोघांनाही आहे.

प्रश्न : एफईआरमध्ये डी-१ म्हणून आमच्याच यूट्यूब व्हिडिओचा उल्लेख आला आहे. असं होतं का? — एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : होतं. अर्जाच्या तारखेच्या आधी गिअरहेड उघडून दाखवलेला व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला असेल तर तो आधीचं ज्ञान ठरतो, मालक कोणी का असेना. प्रदर्शनातल्या मांडणीला कलम ३१ खाली सवलत आहे, पण ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेलं हवं आणि ते सुरू झाल्यापासून १२ महिन्यांत अर्ज हवा. व्हिडिओला ती सवलत लागू नाही.

आता एकच पाहा : व्हिडिओत नेमकं काय दिसतं? फ्रेम फ्रेम थांबवून बघा. गिअरहेड बंद असेल आणि फक्त वेग बदलताना दिसत असेल तर दाते उघड झाले नाहीत. परीक्षकाने दिलेल्या मिनिटाला कॅरिअरची कड दिसते का, खाचा मोजता येतात का, उतार दिसतो का, हे लिहून त्या फ्रेमच्या प्रतींसह उत्तर द्या. एफईआरच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि वाढवून घ्यायची असेल तर त्याचा अर्ज मुदत संपण्याआधी करा.